पट्टा पडल्यावर

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाने बंद झाले, की आमच्या बीड जिल्ह्यातले रस्ते पुन्हा भरायला लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही फाट्यावर उभं राहा; ट्रकवर लोखंडी पेट्या, गुंडाळलेल्या ताडपत्र्या, कोंबड्यांचं खुराडं, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या मार्च-एप्रिलात परत येतात. आमच्या जाण्याच्या बातम्या दरवर्षी येतात, फोटो येतात. येण्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. मी बारावीपर्यंत शिकले आहे, लग्न झाल्यापासून मालकांसोबत ऊसतोडीला जाते. परत आल्यावर घरात काय काय होतं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

ट्रक वेशीत थांबतो तेव्हा सामान घरी पोहोचतं. माणसं पोहोचायला वेळ लागतो.

यंदा आम्ही कोल्हापूरकडं, पंचगंगेच्या काठाला होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते आणि हिशेबही जोडीवरच होतो. पहाटे अंधारातच उसाच्या फडात उतरायचं. ऊस बुडापासून तोडायचा, वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. रात्री गाडी आली तर रात्री भरायची. सहा महिने हात दुसरं काही करत नाहीत. स्वयंपाकसुद्धा कसा, तर पोट भरण्यापुरता. मला अंगदुखीपेक्षा हे जास्त लागतं. ज्या हातांनी मी माहेरी रांगोळी काढायचे, त्यांना तिथं कोणी विचारत नाही की बाई, तुला कसं करावंसं वाटतं.

शेवटी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं हिशेब झाला. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा टोळीत फार आनंद झाला होता आणि वाढ मोठी होतीच. पण यंदा धाकट्या पोराचं आजारपण निघालं, मी कोपीवर, म्हणजे आमच्या ताडपत्रीच्या झोपडीवर, बसून राहिले, आणि जोडीतलं एक माणूस बसलं की खाडे धरले जातात. थोडी उचल फिटली नाही, अंगावर राहिली. त्याचं बघू पुढं.

आमचं घर बंद नसतं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, आणि थोरली लेक गावातच राहतात. लेक सातवीत आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप तोडीला गेलेल्या लेकरांना तिथं दोन वेळचं जेवण मिळतं, म्हणून ती गावात राहू शकतात. माझ्या लेकीची शाळा त्याच्यावर टिकली. एकच म्हणणं आहे, टोळ्या हलायच्या आधी ते सुरू झालं पाहिजे. गाड्या निघून गेल्यावर जेवण सुरू झालं तर तोवर बरीच लेकरं आईच्या मागं ट्रकमध्ये चढलेली असतात.

पहिले दिवस लिंपणात जातात. भिंती दगड-मातीच्या, वर पत्रे. आत्याबाईंच्यानं आता एका खोलीपलीकडं होत नाही, त्यामुळं ओसरीचे पोपडे सुटलेले, कोपऱ्यात वाळवीनं माती वर चढवलेली. पांढरीची माती आणायची, तिच्यात गव्हाचा भुस्सा आणि शेण घालायचं, पाणी घालून रात्रभर मुरू द्यायची आणि सकाळी पायानं तुडवायची. तुडवायचं काम पोरांचं. धाकटा त्यात गुडघ्यापर्यंत रुतला आणि पहिल्यांदा खदखदून हसला. मग तळहातानं भिंतीवर चोपत जायचं. चोपून झालं की ओल्या मातीवर बोटांची चाल उठते. आत्याबाई बोटं खालून वर नेतात, मी डावीकडून उजवीकडं अर्धी चकती काढते. आमच्या ओसरीच्या भिंतीवर ती दोन्ही वळणं शेजारी शेजारी आहेत. अर्ध्या भिंतीवर हात फिरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मधेच थांबून मागं सरून बघायला लागलेय, बरं दिसतंय का म्हणून. फडात असं थांबून बघायला कुठला आलाय वेळ!

लेक मात्र लांब लांब राहायची. दरवर्षीचंच आहे हे, पण यंदा ती मोठी झालीय म्हणून जास्त लागलं. भाकर हवी तर आजीला मागायची, वेणी आजीकडून, पोटात दुखलं तर तेही आजीलाच सांगायची. मी काही विचारलं की ‘हो’ नाहीतर ‘नाही’. एक वही होती तिची, ती मी खोलीत आले की दप्तरात जायची. मालक म्हणाले, "राहू दे, होईल." मी काही म्हणाले नाही. सहा महिने आपण नव्हतो, ते तिनं तरी लगेच कसं विसरावं?

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत दोन कामं निघतात, शेवया-कुरडया आणि वाकळा, म्हणजे गोधड्या. शेतात काही नसतं, अंगणं मोकळी असतात, उन्हात कपडा कडक वाळतो. यंदा आत्याबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, "आगं, पेटीत लुगडी कुजाया लागलीत. बसू एकदा."

सगळ्यात आधी पाणी. चैत्रात आमच्याकडं हापसा निम्म्या घागरीतच गचके खायला लागतो. टँकर आला त्या दिवशी जुने कपडे भिजवले आणि शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर नेऊन धुतले. आत्याबाईंची दोन नऊवारी लुगडी, मामंजींचं एक धोतर, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली पण धोतर जपून ठेवलेलं, माझ्या पाच-सहा साड्या, मालकांचे शर्ट, पोरीचे लहान झालेले शाळेचे ड्रेस. माझ्या साड्या डोक्यावरच्या पदराच्या जागी विरलेल्या असतात. मोळीखाली पदराची चुंबळ करून ठेवतो ना, तिथंच कापड जातं. बाकी साडी धड असते. तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेलं घ्यायचं.

अंगण सारवून घेतलं. खाली अस्तराला आत्याबाईंचं लुगडं अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्याच्यावर धोतर, त्याच्यावर विरलेल्या साड्यांचे धड तुकडे, कुठं उंच-सखल राहू नये म्हणून हात फिरवत फिरवत. वरचा थर दिसणारा, त्यात तुकडे जुळवायचे असतात. मग सगळं सरकू नये म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे. खरी शिवण त्यानंतर: चार बाजूंना चौघी बसतात, कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकत मधोमध येतात. टाका बारीक आणि सारखा असला तर वाकळ दहा-बारा पावसाळे काढते. मोठा टाका घातला की पहिल्याच धुण्यात कापड गोळा होतं.

पाळी आली वरच्या थराची. मी लाल आणि हिरवा तुकडा शेजारी ठेवला होता. मागून आवाज आला, "तो निळा ठेव ना तिथं." लेक ओसरीच्या पायरीवर उभी होती. तिच्या शाळेचा जुना निळा झगा तिला माझ्या हिरव्या साडीशेजारी हवा होता, तोडीवर नेसून नेसून पांढरट झालेल्या साडीशेजारी. मला तो जोड फिका वाटला. तसं म्हणाले तर ती खाली आली, स्वतः गुडघे टेकून तुकडे मांडायला लागली, लाल एकच आणि तो पार कडेला. आत्याबाई लांबून बघून म्हणाल्या, "तिचं बराबर हाय." आणि खरंच बरोबर होतं. लांबून बघितलं की निळ्या-हिरव्यात तो एक लाल उठून दिसत होता.

मग वही बाहेर आली. वहीत चित्रं होती. उसाचा ट्रक, त्याच्यावर चढायची फळी, कोपी, कोपीपुढं चूल आणि चुलीजवळ तिचा भाऊ. ती कधी आमच्या फडावर आलेली नाही. रात्री फोनवर व्हिडिओ लावायचो तेव्हा मागं जे दिसायचं ते तिनं बघून ठेवलं होतं. कोपीच्या ताडपत्रीला एका बाजूनं ठिगळ होतं, तेसुद्धा चित्रात होतं. ते बघून मला काही बोलता येईना. मालकांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ पानं उलटत राहिले.

वाकळीच्या मधोमध कोपी घालायची असं ठरलं. धाकट्याच्या फाटक्या शर्टाचा त्रिकोण कापला, त्याला खाली आडवी पट्टी. कोपीपुढची कोंबडी मात्र कापडाला जमेना, ती मी दोऱ्यानं काढली.

दुपारी गल्लीतल्या काकू आणि जाऊबाई येऊन बसल्या. चौघी चार कडेला. लेक मधे मधे सुया ओवून देत होती. सुई चालायला लागली की बोलणं येतंच. यंदा कोण कुठं होतं, कुणाचा कारखाना लवकर बंद झाला, कुणाच्या पोरीचं जमलं. आत्याबाई बोलता बोलता मागं गेल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर त्या नव्या नवरीच्या तोडीवर गेल्या होत्या. तेव्हा बैलगाडी घेऊन चालत जायचे. त्या गावांची नावं घ्यायला लागल्या: अकलूज, माळीनगर, मग कराड, वाळवा, एक वर्ष पार अथणी. कुठल्या गावात नदीला पूर होता, कुठल्या गावात मालकांचा जन्म झाला, कुठं बैल मेला. एकही नाव अडलं नाही.

आत्याबाईंना लिहिता येत नाही. लेक ऐकता ऐकता म्हणाली, "आजी, हे लिहून ठेवू का?" आणि मला एकदम अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आठवली. शाळेत आमच्या बाईंनी सांगितलं होतं, सोळाव्या-सतराव्या शतकात होऊन गेलेल्या दासोपंतांनी लांबलचक कापडावर ‘पंचीकरण’ नावाचा ग्रंथ लिहिला, आणि ती पासोडी अजून अंबाजोगाईत जपलेली आहे. आमच्यापासून एवढ्या जवळ, आणि मी लेकीला ते कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "मग कागदावर कशाला? हिच्यावरच लिहू."

तसंच केलं. वाकळीच्या कडेनं चार बोटं पट्टी सोडली. आत्याबाईंनी नाव सांगायचं, लेकीनं शाळेच्या खडूनं अक्षर काढायचं, मी त्याच्यावर दोरा घालायचा. अक्षर शिवणं सोपं नाही. सरळ काना, मात्रा लगेच होतात, पण ‘अ’ आणि ‘ळ’ला सुई सारखी वळवावी लागते, आणि वाकळीच्या थरात सुई वळत नाही. सुरुवातीला सुई खालपर्यंत नेली तर पाठीमागं सगळा गुंता दिसायला लागला. मग जाऊबाईंनी सांगितलं, अक्षराचा टाका फक्त वरच्या दोन थरांतून घे, आणि आधी अक्षर शिवून मग त्याच्या भोवतीनं खालपर्यंतचा धावदोरा घाल. तसं घातलं तर अक्षर थोडं फुगून वर आलं. ‘माळीनगर’ मला एक अख्खी दुपार पुरलं. माझी बोटं कोयत्यानं ताठरलेली, घट्टे पडलेले, सुई सुटायची. पण चार-पाच नावं झाल्यावर बोटं ऐकायला लागली.

पहिलं नाव कुठून घ्यायचं यावरही बोलणं झालं. मी म्हणाले अकलूज, तिथून सुरू झालं ना. आत्याबाई म्हणाल्या, "आधी आपलं गाव. जाताना बी हितूनच, येताना बी हितंच." म्हणून पट्टीच्या सुरुवातीला आमचं गाव आहे आणि शेवटालाही आहे. मधे आत्याबाईंची गावं आणि त्यापुढं आमची.

एका दुपारी काकूंनी जात्यावरच्या जुन्या ओव्या म्हटल्या. आता दळण चक्कीवर, ओव्या कुणाच्या तोंडी राहिल्यात? पण सुईच्या चालीला त्या बसतात. एक थांबली की दुसरीनं उचलायची अशी रीत. माझी पाळी आली आणि मला पाठ असलेली एकही आठवेना, तर तोंडातून आलं ते असं:

सहा महिन्यांची वाट, कोयत्यानं कापली
लेक माझी गं बाई, म्हातारीनं राखली

बायका ‘अगं माय’ म्हणाल्या. आत्याबाईंनी सुईवरची नजर काढली नाही, पण लगेच उचललं:

राखली गं बाई, हाती दिला सुईदोरा
आता तिच्या हाताला, कोयत्याचा नको वारा

लेकीनं दोन्ही ओव्या वहीत उतरून घेतल्या. मला विचारलं, "आई, ‘राखली’ म्हणजे मला ना?" मी हो म्हणाले. त्या रात्री तिनं अंथरूण माझ्या शेजारी टाकलं.

इकडं मालकांचं वेगळंच चाललं होतं. आमच्या गावात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह असतो, हनुमान जयंतीला काला. मालक भजनात पखवाज वाजवतात. लग्नाआधीपासून वाजवतात, मामंजींनी शिकवलेलं. पण सहा महिने देवळात टांगून राहिलेला पखवाज उतरला होता. वाद्या ढिल्या, एका बाजूचं पान आवाजच देईना. गट्टे ठोकून ठोकून चढवला, डाव्या पानाला कणीक मळून लावली, तरी पहिल्या दिवशी बोल उठेनात. पखवाजाचं तसं होतं आणि मालकांच्या मनगटाचंही. कोयता सारखा एकाच बाजूनं चालतो, उजवं मनगट आखडून जातं. रोज पहाटे काकड्याआधी देवळात जाऊन बसायचे. गावातले एक म्हातारे टाळकरी बाबा येऊन शेजारी टाळ धरायचे, काही न बोलता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हरिपाठाला हात बसला. लांबून आवाज आला तेव्हाच मला कळलं, हा आपल्याच माणसाचा हात आहे.

सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस पहारे लावलेले असतात, एकानं गळ्यातून काढायची ती दुसऱ्यानं घालायची. गाव पूर्ण भरलेला असतो तेव्हाच हे पहारे पुरतात. मागं एका वर्षी कारखाने लांबले, टोळ्या आल्या नाहीत, तेव्हा म्हाताऱ्यांनीच दुहेरी पहारे दिले होते म्हणे. यंदा मध्यरात्रीचा पहारा मालकांकडं होता, धाकटा त्यांच्याबरोबर देवळात जाऊन खांबाला टेकून झोपायचा. पंगतीला आमच्या गल्लीकडं भाकरी होत्या. शंभरेक भाकरी थापताना माझ्या शेजारी लेक बसली होती, तिची भाकर अजून गोल होत नाही, पण तिनं कडेला बसून सगळ्या मोजल्या आणि टोपल्यांत लावल्या.

धाकट्याचं पण ठरलं. त्याला तिकडच्या शाळेत शिक्षण हमी कार्डावर बसवलं होतं, तोडीला गेलेल्या लेकरांसाठी असतं ते, पण आजारपणात निम्मे दिवस गेले. पुढच्या हंगामाला तो बहिणीसोबत इथंच राहील. आत्याबाई म्हणाल्या, "दोघांचं मला जड न्हाई." जड आहे, मला माहीत आहे. म्हणून मालकांनी ठरवलंय की उचल कमी घ्यायची आणि कारखाना जवळचा बघायचा, म्हणजे मधे एखादवेळ येता येईल. मुकादम ऐकतो का ते आषाढात कळेल.

वाकळ पूर्ण झाली. कोपीच्या वरचा शेवटचा टाका आत्याबाईंकडून घालून घेतला. लेकीनं कोपऱ्यात सगळ्यांची नावं घातली आहेत, आधी आजीचं. मुकादमाच्या वहीत कोयता मालकांच्या नावावर असतो, आधी मामंजींच्या नावावर होता. एवढ्या वर्षांत आत्याबाईंचं नाव तोडीच्या कुठल्या कागदावर आलं असेल असं मला वाटत नाही. ते त्यांना वाचता येत नाही, पण पट्टीवर नेमकं कुठं आहे ते त्या बोट ठेवून दाखवतात.

आता गल्लीत सगळ्यांनाच तशी वाकळ हवी आहे. काकूंची अंथरून झाली, त्यांची गावं इंदापूर, श्रीपूर, कर्नाटकातली दोन. लेकीकडं खडू घेऊन बायका येतात. तिनं अट घातलीय, गावं मी लिहून देईन, पण स्वतःचं नाव प्रत्येकीनं आधी आपल्या हातानं गिरवायचं, मग शिवायचं. काकूंच्या नावात जोडाक्षर आहे. परवापासून त्या तेवढ्यावरच बसल्यात. पाटीवर चांगलं येतं, कापडावर दोरा घातला की अर्धा ‘क’ पुसट होतो, मग उसवतात आणि पुन्हा घालतात. पांढरा दोरा संपत आलाय, मंगळवारी केजच्या बाजारातून दोऱ्याच्या गुंड्या आणायच्या आहेत, आणि इंदापूरला अजून हातही लागलेला नाही.